हाडातली, स्नायूतली हायडॅटिडची गाठ: या चुका टाळा

मांडीत किंवा पाठीच्या स्नायूत गाठ येते, हळूहळू वाढते, दुखत मात्र नाही. ‘चरबीची असेल’ म्हणून वर्ष निघून जातं आणि मग कुणीतरी थेट सुई घालून पाणी काढतं. सगळ्यात मोठी चूक हीच. गाठ हायडॅटिडची, म्हणजे एकायनोकॉकस या जंताच्या अळीची असेल, तर आतलं पाणी सांडल्यावर जीवघेणी ॲलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय त्या नितळ पाण्यात अळीची सूक्ष्म डोकी असतात. ती सांडली तिथे नवी गाठ धरू शकते. त्यामुळे आधी सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय. मोठ्या गाठीच्या पोटात लहान लहान गाठी किंवा सुटलेला पापुद्रा दिसला, तर सुईला हात लावू नका.

हाडात हा आजार जास्त फसवा. यकृतात गाठीभोवती शरीर जाड कवच उभं करतं, हाडात ते होत नाही. अळी हाडाच्या बारीक पोकळ्यांतून पसरत जाते आणि हाड आतून पोखरते. कधी कधी हाड मोडल्यावरच पत्ता लागतो. हाडातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत मणकाच धरलेला असतो. आपल्याकडे मणका खराब दिसला की आधी टीबी आठवतो, तेही साहजिकच. पण एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू असूनही दुखणं वाढतंय, पाय बधिर होतायत, तर कोर्स संपायची वाट पाहू नका. घरी कुत्रा, मेंढरं असतील तर तसं डॉक्टरांना आपणहून सांगा. बायोप्सी ठरली असेल तर त्याआधीच सांगा, म्हणजे ते तयारीनिशी करतील. आणि रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, हाडाच्या आजारात ती बऱ्याचदा फसवते.

जंतनाशक दिनाला शाळेत मिळणारी 400 मिलिग्रॅमची एक गोळी पोटातल्या जंतांसाठी असते. इथे तीच अल्बेंडाझोल मोठ्या माणसाला सहसा दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने लागते. ती तेलतुपाच्या जेवणासोबत घ्यायची, उपाशीपोटी नीट अंगी लागत नाही. मधूनमधून यकृताची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी हवीच. गरोदर असाल तर आधी सांगा. हाडाचा आजार मात्र नुसत्या गोळ्यांवर सहसा आटोपत नाही, शस्त्रक्रिया लागते. त्यानंतरही तो उलटतो, मणक्यात तर हमखास म्हणावा इतका. टाके निघाले की दवाखाना सोडणारे रुग्ण इथेच फसतात. पुढची कित्येक वर्षं तपासणी चालू ठेवावी लागते.

हा आजार मटण खाऊन होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून पोटात जातात. कुत्र्याला हा जंत मिळतो तो कापलेल्या मेंढीच्या काळजा-फुफ्फुसातल्या पाण्याच्या फोडांतून. असे तुकडे कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. राखणीच्या कुत्र्यांना पशुवैद्यांना विचारून प्राझिक्वांटेल नियमित द्या.