स्वयंपाकघर लावताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघर-घणसोलीला नव्या घराचा ताबा मिळाला की आधी ट्रॉलीवाल्याला बोलावतात. तो मापं घेतो, लॅमिनेटचे तुकडे दाखवतो, रंग ठरतो. घरात रोज किती जणांच्या पोळ्या होतात, कणीक ओट्यावर मळतात की खाली बसून, पिठाचा डबा किती किलोचा आहे, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. पुढची सगळी गैरसोय इथून सुरू होते. आधी आठवडाभर नेहमीसारखा स्वयंपाक करा आणि कुठे वाकावं लागतं, कशासाठी दुसऱ्या टोकाला जावं लागतं ते कागदावर लिहा. तो कागद ट्रॉलीवाल्याच्या हातात द्या.

दिसण्यासाठी लावणं

सगळे डबे एका फळीवर, सगळी पातेली एका ट्रॉलीत, सगळे चमचे एका खणात. दिसतं छान, पण स्वयंपाक असा होत नाही. पोळ्या करायच्या तर पीठ, परात, पोळपाट-लाटणं, तवा, तुपाचं भांडं आणि पोळ्यांचा डबा एकाच वेळी लागतात. मग ते एकाच जागी का नकोत? फोडणीचा संसार वेगळा: तेल, मिसळणाचा डबा, हिंग, झारा, सांडशी. हे शेगडीशेजारी, हात लांब करून घेता येईल असं. चहाचं पातेलं, गाळणं, चहा-साखर आणि कप असेच एकत्र ठेवा. "गाळणं कुठंय?" असं न विचारता घरातल्या कुणालाही चहा करता आला पाहिजे. सकाळी लोकल गाठायची असते, दोन-तीन डबे भरायचे असतात. तेव्हा डब्यांची झाकणं शोधण्यात जाणारी पाच मिनिटं फार महाग पडतात. डबे झाकणांसकट एकाच खणात ठेवा.

रोजचं सामान गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत असावं. मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र माळ्यावर चालतील. पण मोठा कुकर, बिडाचा तवा, किलोकिलोचे भरलेले डबे डोक्यावरच्या फळीवर ठेवू नका. ते उतरवताना स्टुलावर चढावं लागतं, आणि घरातली वयस्कर माणसंही ते करायला जातात.

शेगडीच्या वर मसाले

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. वाफ आणि उष्णता थेट मसाल्यांना लागते, वास उडतो, तिखटाच्या गुठळ्या होतात. शेगडीजवळ आठवड्यापुरतंच ठेवा. वर्षाचं तिखट आणि गोडा मसाला बरणीत, हिंगाचे खडे घालून, अंधाऱ्या कोरड्या कपाटात. जुन्या रव्यावर नवा रवा ओतणं तर बंदच करा. तळाशी एखादा टोका असेल तर नवा रवाही हातचा जातो. डबा रिकामा करा, धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच भरा. पावसाळ्याच्या तोंडावर रवा भाजून ठेवणं आजही सगळ्यात खात्रीचं. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, आणि दोन्ही हवेशीर हवेत.

सिंकखालचं दुर्लक्ष

आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस. सिंकखाली साधं प्लाय लावलं तर ते फुगतं, मागे बुरशी आणि झुरळं. ओल्या जागी पाण्याला टिकणारं, आयएस ७१० मानकाचं प्लायच मागा, आयएस ३०३ चं साधं नको. जाळीच्या ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या. "लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे स्टील चांगलं" असं दुकानात सांगतात. स्वस्तातल्या २०२ लाही तो सहसा चिकटत नाही, आणि आपल्या हवेत तेच लवकर गंजतं. बिलावर ३०४ असं लिहूनच घ्या.

ओट्याची उंची बिल्डरने दिलेली म्हणून सोसू नका. रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती उभी राहिली की ओटा तिच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली हवा. फ्रिजचं दार आणि ट्रॉली एकमेकांना अडतात का, हेही काम सुरू होण्याआधी बघा. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग लागतो. एक्स्टेंशन बोर्डावर दोन्ही चालवणं धोक्याचं आहे.

भांडी घासून लावणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही विचारा. ताटाळं सिंकपासून लांब असलं तर ओली ताटं ओट्यावरच राहतात, आणि मग चिरायला जागा उरत नाही.

गॅस झाकून टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. सुंदर दिसावं म्हणून सिलिंडर बंद कपाटात आणि गॅसचा कॉक ट्रॉलीमागे जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून त्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. पाइपचा गॅस हलका असतो, तो वर चढतो, म्हणून तिथे हवेची वाट वरच्या बाजूला लागते. दोन्हीकडे कॉक एका हाताने, काही न हलवता बंद करता आला पाहिजे, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. ती आजच वाकून बघा.