जुन्या जीपचे मंद हेडलाइट : बल्बआधी वायरिंग तपासा

महिंद्राच्या जुन्या जीपचे हेडलाइट पिवळट, मंद पडू लागले की बहुतेक जण थेट जास्त वॉटचे बल्ब आणतात. परंतु दोष बहुधा बल्बचा नसून त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज न पोहोचण्याचा असतो. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो.

त्यामुळे दिवे चालू ठेवून मल्टीमीटरची (व्होल्टेज मोजण्याच्या यंत्राची) एक टोचणी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी बल्बच्या जोडणीतील लो बीमच्या (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोताच्या) पिनेला लावावी. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच अधिक आल्यास वायर, फ्यूजची पकड किंवा डिपर स्विच यांपैकी काहीतरी थकले आहे असे समजावे. हीच तपासणी ऋण बाजूनेही अवश्य करावी, कारण कोकणच्या दमट हवेत बॉडीला दिलेली अर्थिंग गंजते आणि ती खरवडून घट्ट बसवल्यानेच अर्धे काम होते.

त्यानंतर लो आणि हाय (लांबच्या झोताच्या) बीमसाठी स्वतंत्र रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, बसवावेत. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेतात. हा भार बॅटरीपासून थेट २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला द्यावा आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच ठेवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासून शॉर्ट झाल्यास तिला कोणतेच संरक्षण उरत नाही. जुनी वायर आता ८५-८६ या टोकांना केवळ इशारा देईल, त्यामुळे स्विचही तापणार नाही. १००/९० वॉटचे बल्ब मात्र टाळावेत. समोरच्याचे डोळे दिपतात आणि होल्डर वितळतो.