साताऱ्याच्या पठारावरून धूमकेतू आणि भडकलेला क्ष-किरण स्रोत कसा नोंदवावा

ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला, तेव्हा आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर होतो. दोन संध्याकाळी परतीच्या पावसाच्या ढगांनी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी शुक्र आणि स्वाती यांच्यामध्ये तो शेपूट वर करून उभा होता. फोटो सगळ्यांनी काढले, पण त्याची तेजस्विता कुणीच लिहून ठेवली नाही. ती चूक मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

जागा दिशा बघून ठरवा. धूमकेतू संध्याकाळचा असेल तर चाळकेवाडी किंवा कासच्या बाजूला जा. तिथून पश्चिमेला कोयनेचं खोरं अंधारात असतं. पहाटेचा असेल, तर त्याच पठारांवरून पूर्वेला सातारा शहर आणि महामार्गाचा उजेड आडवा येतो. कासला फुलांच्या पठारावर पाय ठेवू नका, रस्त्याच्या कडेलाच थांबा. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्या. ऊसतोड सुरू झाली की सखल भागात पाचटाचा धूर क्षितिजावर साचतो, त्यामुळे शक्यतो उंचावरच जा. अमावास्येच्या आसपासची रात्र सर्वांत चांगली.

आदल्या दिवशी स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अॅपमध्ये धूमकेतूच्या कक्षेची माहिती ताजी करून घ्या. नव्या धूमकेतूची जुनी माहिती राहिली, तर तुम्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसाल. सोबत 10×50 ची द्विनेत्री, स्टँड, वही, पेन्सिल आणि लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी घ्या. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. मोबाइल एकदा उघडला, की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

आता खरं काम. धूमकेतू हा ठिपका नसून पसरलेला धूसर गोळा असतो. त्यामुळे आठव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, तो जितका मोठा तितकं तेज कमी) धूमकेतू आठव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शोधायला खूप अवघड जातो. थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवा, म्हणजे तो उठून दिसतो. तेजस्विता काढायची ती अशी: धूमकेतू नीट फोकस करून त्याचा आकार आणि उजळपणा मनात पक्का करा. मग प्रत माहीत असलेल्या जवळच्या ताऱ्याकडे वळा आणि फोकस बिघडवत न्या. तारा फुगत फुगत धूमकेतूएवढा झाला की थांबा. आता दोघांचा उजळपणा ताडून बघा. एक तारा थोडा जास्त उजळ, दुसरा थोडा मंद असा सापडला, की धूमकेतूची प्रत त्या दोघांच्या मधली. घाई करू नका, तीनदा करून बघा.

वहीत तारीख, वेळ, साधन, प्रत, गोळ्याचा व्यास, शेपटीची लांबी आणि दिशा लिहा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे आपली साडेपाच तास वजा करून: संध्याकाळी 7.30 असतील तर 14.00.

क्ष-किरण स्रोताचं, म्हणजे कृष्णविवराभोवती भडकणाऱ्या वायूच्या चकतीचं, गणित वेगळं. क्ष-किरण वातावरणात अडतात, जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. ते पाहायला अवकाशात जावं लागतं. 28 सप्टेंबर 2015 ला सोडलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) तयार झाली आहे. (धूमकेतूही क्ष-किरण सोडतात. 1996 मध्ये रोसॅट उपग्रहाने ते ह्याकुताके धूमकेतूमध्ये पहिल्यांदा पाहिले. सौरवाऱ्यातले विद्युतभारित कण धूमकेतूच्या वायूतले इलेक्ट्रॉन ओढून घेतात, तेव्हा ते निघतात.)

पण कृष्णविवराभोवतीची वायूची चकती भडकली की तिचा साधा प्रकाशही वाढतो, आणि तो आपल्या हातातला आहे. मार्च 2018 मध्ये मॅक्सी जे1820+070 हा स्रोत भुजंगधारी तारकासमूहात उजळला, तेव्हा दृश्य प्रकाशाच्या सर्वेक्षणाला तो 6 तारखेलाच सापडला. क्ष-किरणांत तो दिसला 11 तारखेला. एरवी अठराव्या प्रतीच्याही खाली असलेला हा तारा बाराव्या प्रतीच्या आसपास आला होता. मार्चमधली पहाट म्हणजे साताऱ्याला आभाळ बहुधा स्वच्छ! एवढ्याला आठ इंची दुर्बीण पुरते.

अशी बातमी अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम या खगोलशास्त्रज्ञांच्या सूचनांच्या संकेतस्थळावर येते. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची आव्सो (AAVSO) ही संस्था 1911 पासून आहे. तिच्या संकेतस्थळावर स्रोताचं नाव टाकलं की आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रतींसह नकाशा मिळतो. त्यातल्या दोन ताऱ्यांमध्ये स्रोत कुठे बसतो ते ठरवा. इथे फोकस बिघडवायची गरज नाही.

सरावासाठी ऑक्टोबरच्या संध्याकाळी डोक्यावरचा हंस तारकासमूह घ्या. त्याच्या मानेतल्या चौथ्या प्रतीच्या ईटा ताऱ्यापासून साधारण पूर्ण चंद्राएवढ्या अंतरावर नवव्या प्रतीचा एक तारा आहे. तो सिग्नस एक्स-1 या कृष्णविवराचा जोडीदार, 5.6 दिवसांत त्याच्याशी एक फेरी पूर्ण करणारा. स्टँडवरच्या द्विनेत्रीतून तो मला पहिल्यांदा सापडला तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा काढला नव्हता.

आणि भडकलेला स्रोत शोधूनही सापडला नाही, तर पान कोरं सोडू नका. नकाशावरचा सर्वांत मंद असा कोणता तारा दिसला ते बघा आणि त्याची प्रत घालून लिहा: «दिसला नाही, 12.6 पेक्षा मंद.» हीसुद्धा नोंद असते, आणि ती आव्सोकडे पाठवायची असते.