रॉजर ईबर्टसारखा सिनेमा थांबवून कसा बघावा

रॉजर ईबर्ट म्हटलं की बहुतेकांना टीव्हीवर दुसरा समीक्षक जीन सिस्केल याच्याशी वाद घालणारा, अंगठा वर किंवा खाली करणारा समीक्षक आठवतो. १९६७ पासून २०१३ मध्ये जाईपर्यंत तो ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये सिनेमावर लिहीत राहिला, १९७५ मध्ये समीक्षेचं पुलित्झर मिळालेला तो पहिला सिनेसमीक्षक. मला मात्र त्याचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते बोल्डरचं. कोलोरॅडोतल्या त्या गावी विद्यापीठाच्या परिषदेत तो वर्षानुवर्षं सभागृहभर लोकांसोबत एकच सिनेमा थांबत थांबत, दिवसेंदिवस बघत असे. आमच्या सोसायटीत आम्ही काहीजण हे करतो. तुम्हालाही घरी करता येईल.

सुरुवात ‘सिटिझन केन’पासून करा. ऑर्सन वेल्सचा हा १९४१ चा सिनेमा ईबर्टचा फार लाडका. त्याच्या डीव्हीडीवर ईबर्टचं स्वतःचं समालोचनही आहे. ते आधी ऐकू नका. आपलं बघून झाल्यावर ऐका, तेव्हा ते गप्पांसारखं वाटतं.

पहिल्या दिवशी सिनेमा सलग बघा, मध्ये एकदाही न थांबता. हे टाळू नका. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला प्रत्येक थांबा त्रासदायकच वाटणार.

दुसऱ्या दिवसापासून रिमोट एकाच्या हातात द्या आणि दिवे बंद करा. कुणीही “थांबा!” म्हटलं की रिमोटवाल्याने का, कशाला न विचारता थांबवायचं. बोल्डरलाही लोक अंधारातूनच ओरडायचे, आणि अंधाराचा फायदा खरंच होतो: आमच्याकडे सोसायटीच्या सभेत तोंड न उघडणाऱ्या एक काकू इथे सगळ्यात जास्त थांबवतात. आम्ही एक नियम जोडलाय. ज्याने थांबवलं त्याने आधी पडद्यावर काय दिसतंय तेवढंच सांगायचं, अर्थ नंतर.

आता बर्फातला प्रसंग घ्या. छोटा चार्ली, म्हणजे सिनेमाचा नायक केन, बाहेर खेळतोय. कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की आपण खिडकीतून बघत होतो. पुढे टेबलाशी आई आणि मुलाला ताब्यात घ्यायला आलेला बँकवाला थॅचर मुलाच्या भवितव्याच्या कागदांवर सह्या करताहेत, वडील मध्येच उभे राहून कुरकुरताहेत, आणि मागे खिडकीच्या चौकटीत तो इवलासा पोरगा तितकाच स्पष्ट दिसतोय. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्याची ही करामत. इथे थांबवा आणि प्रत्येकाला विचारा, तुझी नजर आधी कुठे गेली? मग पुन्हा चालवून फक्त आवाज ऐका. आत सौदा चाललाय आणि बाहेरून मुलाचं ओरडणं येतंय. माझ्या तरी अंगावर काटा येतो.

दुसरी जागा १९२९ च्या मंदीनंतरची. आता मोठा होऊन वर्तमानपत्रांचा मालक झालेला केन त्यांच्यावरचा ताबा सोडताना मागच्या खिडक्यांकडे चालत जातो. खिडक्या साध्याच वाटत होत्या. तो तिथे पोचतो तेव्हा त्या त्याच्या डोक्याच्याही वर असतात. माणूस आपल्या डोळ्यांदेखत लहान होतो.

ईबर्टचे काही ठोकताळे होते: मध्याच्या किंचित उजवीकडचं पात्र वजनदार वाटतं, खालून टिपलेला माणूस मोठा, वरून टिपलेला दुबळा. तो त्यांना कायदा मानत नव्हता. पहिल्याच बैठकीत हे सांगू नका, नाहीतर मंडळी तेवढंच शोधत बसतात.

दोन तासांच्या बैठकीत अर्ध्या तासाचा सिनेमा झाला तर गती बरोबर आहे. जाणकार नाही म्हणून अडू नका. २००६ मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर ईबर्टचा आवाज गेला, तरी बोल्डरचा हा प्रघात दुसऱ्यांनी चालू ठेवला.

पुढचा सिनेमा जपानी दिग्दर्शक ओझूचा १९५९ चा ‘फ्लोटिंग वीड्स’ घ्या. त्यावरही ईबर्टचं समालोचन आहे. कॅमेरा जवळपास हलतच नाही, त्यामुळे नव्या मंडळींना चौकट वाचायला तो सोपा जातो.