ऑप्शनच्या भावातून अस्थिरता काढताना
ब्लॅक-शोल्स या ऑप्शनचा भाव काढायच्या सूत्रात अस्थिरता (शेअरचा भाव वर्षाला किती टक्के हेलकावतो) घातली की भाव मिळतो. उलट जायला मात्र थेट सूत्र नाही. म्हणून पहिला अंदाज चांगला घ्या. शेअर 100, स्ट्राइक (ठरलेला खरेदीभाव) 100, मुदत पाव वर्ष, व्याज शून्य, कॉल (म्हणजे स्ट्राइकला शेअर घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन) 4 रुपये. 4 ला 100 ने भागा, 2.5 ने गुणा, मुदतीच्या वर्गमुळाने भागा: 20 टक्के.

पुढे न्यूटन-राफसन, म्हणजे अंदाज फेरीफेरीने सुधारायची रीत: सूत्राचा भाव वजा बाजारभाव, या फरकाला व्हेगाने (अस्थिरता बदलली की भाव किती बदलतो, त्या दराने) भागा, तेवढं अंदाजातून कमी करा. स्ट्राइक शेअरच्या भावापासून फार लांबचा असला की व्हेगा शून्याकडे जातो आणि उत्तर भलतीकडेच उडतं. तिथे मी मुकाट द्विभाजन वापरतो, म्हणजे उत्तर ज्या पल्ल्यात आहे तो दर फेरीला निम्मा करतो. 20 फेऱ्यांत पल्ला दहा लाख पटींनी आकसतो. मित्र याला आळस म्हणतात. सिंहगडावर पिठलं-भाकरी खातानाही हाच वाद! आणि हो, कॉलचा भाव अंतर्निहित मूल्यापेक्षा (शेअरचा भाव वजा स्ट्राइक) कमी असेल तर फेऱ्या सुरूच करू नका, उत्तर सापडणार नाही.