सैतानाविषयीच्या समजुतींचं मूळ शोधायचं कसं

शिंगं, शेपूट, नरकाचं राज्य, स्वर्गातून हाकललेला लुसिफर. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ख्रिस्ती घरांत हे सगळं लहानपणीच कानावर पडतं. यातलं बायबलमध्ये किती आहे हे तपासायला एक कॅथलिक बायबल (७३ पुस्तकांचं), एक प्रॉटेस्टंट (६६ पुस्तकांचं), वही आणि पेन्सिल पुरते. बायबलं दोन्ही हवीत. सैतानाच्या हेव्यामुळे मरण जगात आलं हे वचन शलमोनाच्या ज्ञानग्रंथात (२:२४, म्हणजे अध्याय २, वचन २४) आहे आणि तो ग्रंथ ६६ पुस्तकांत नाही.

वहीत चार रकाने आखा: मूळ मजकूर, नंतर लावलेला अर्थ, चर्चची शिकवण, लोकांची भर. एका बैठकीत एकच समजूत घ्या. ‘सैतान खरा की खोटा’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी घेतला तर नुसता वाद होतो.

लुसिफरपासून सुरुवात करा. यशया १४:१२ एकटं वाचलं तर पडलेला देवदूतच दिसतो. म्हणून चौथ्या वचनापासून वाचा. हे बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजावरचं गाणं आहे हे तिथे सरळ सांगितलंय, आणि पुढे त्याच राजाच्या प्रेताचा आणि किड्यांचा उल्लेख येतो. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने या ओळी सैतानाच्या पतनाशी जोडल्या. संत जेरोमने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात पहाटेच्या ताऱ्यासाठी आलेला ‘लुसिफर’ हा साधा शब्द पुढे सैतानाचं नाव बनला. तेव्हा लुसिफर दुसऱ्या रकान्यात. यहेज्केल २८ मध्ये सोरच्या (टायर शहराच्या) राजाविषयी जे आहे, तेही असंच तपासा.

सगळ्यात जास्त चूक होते ती उलटं वाचल्यामुळे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती ३ मध्ये, साप आहे, सैतानाचं नाव कुठेच नाही. ‘जुनाट साप’ म्हणजे सैतान हे थेट शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १२:९ मध्ये येतं, आणि ते डोक्यात ठेवून आदाम-हव्वेच्या एदेन बागेची गोष्ट वाचली की तिथेही तोच दिसू लागतो. आधी जुना मजकूर वाचा, त्यात आहे तेवढंच लिहा, मगच पुढचं पुस्तक उघडा. सरावाला २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ शेजारी शेजारी ठेवा. प्रसंग एकच, दावीद राजाने केलेली शिरगणती. शमुवेलात परमेश्वराचा कोप दाविदाला प्रवृत्त करतो. यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतर लिहिलेल्या ‘इतिहास’ या पुस्तकात तेच काम सैतान करतो. या दोन ओळींवर पूर्ण संध्याकाळ गेली तरी चालेल, कारण कल्पना कशी बदलत गेली हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. त्यानंतर ईयोबाचे पहिले दोन अध्याय वाचा. तिथला सैतान देवाच्या दरबारात येतो आणि मिळालेल्या परवानगीपुरतंच करतो. बंडाचा उल्लेखही नाही.

पापात पडलेल्या देवदूतांची सविस्तर कथा हनोखच्या ग्रंथात, एका प्राचीन यहुदी ग्रंथात, आहे. तिचं बीज उत्पत्ती ६:१-४ मध्ये. यहूदाच्या पत्रात (१४-१५) हनोखचं वचन आलंय, पण कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट बायबलात तो ग्रंथ नाही. इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च मात्र तो शास्त्र मानतं. नरकाचा राजा ही कल्पना लगेच गळते: प्रकटीकरण २०:१० मध्ये सैतान स्वतःच शिक्षा भोगायला अग्नीत टाकला जातो. सैतानाचा म्हणून सांगितला जाणारा ६६६ हा आकडा प्रकटीकरणातल्या श्वापदाचा (१३:१८). माणसाच्या अंगाला खूर आणि शेपूट हे रूप मध्ययुगीन चित्रकारांनी रुजवलं.

चौथा रकाना आपल्याकडे भरगच्च होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’त सैतानाला देवचार म्हटलंय. तळकोकणातल्या गावांत देवचार हा घोंगडी-काठीवाला, गावाची वेस सांभाळणारा राखणदार. मध्यरात्री वेशीवर वाट अडवणाऱ्या ‘सैताना’च्या गोष्टी यशयात शोधू नका, त्या इथल्या आहेत.

आता तिसरा रकाना, आणि तो प्रामाणिकपणे भरा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने) सांगितलं की देवाने सैतानाला चांगलं निर्माण केलं, तो स्वतःहून दुष्ट झाला. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद ३९१ ते ३९५ हेच सांगतात. ईस्टरच्या जागरणविधीत सैतानाचा त्याग करण्याचं वचन दिलं जातं. म्हणजे शिंगांवर विश्वास न ठेवल्याने कुठलीच शिकवण मोडत नाही. सैतान हे खरं अस्तित्व आहे का, ही शंका मात्र थेट शिकवणीविषयीची आहे. या दोन शंका वेगळ्या लिहा, नाहीतर पहिलीचं उत्तर मिळाल्यावर दुसरीही सुटली असं वाटतं. फादरांकडे किंवा पाळकांकडे जाताना प्रश्न लिहून न्या: ‘यशया १४ बाबेलच्या राजाविषयी आहे, तर पडलेल्या दूतांच्या शिकवणीला आधार कोणता?’ ‘श्रद्धा ठेव’ एवढंच उत्तर आलं तर २ पेत्र २:४ आणि यहूदा ६ ही दूतांच्या शिक्षेची वचनं पुढे ठेवून पुन्हा विचारा. असं विचारणं उद्धटपणा नाही.

घरात कुणाच्या ‘अंगात सैतान आला’ असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कलम ११७२ नुसार भूतबाधा काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणालाही करता येत नाही, आणि हा आजार तर नाही ना याची खात्री आधी करावी असं चर्चच सांगतं. त्या माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो कोणत्याही देवाच्या नावाने केलेला असो.