नॅस जोडल्यानंतर घरातले नेटवर्क बिघडले, तर दोष कसा शोधावा

घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रे आणि बॅकअप एका जागी राहावेत म्हणून नॅस, म्हणजे थेट नेटवर्कला जोडायची डिस्कपेटी, घेतली जाते. राउटरला केबल लावली की पहिल्या दिवशी सगळे सुरळीत चालते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल अडखळू लागतो, प्रिंटर सापडेनासा होतो किंवा लॅपटॉपवर इंटरनेट असूनही नॅस मात्र दिसत नाही. अशा वेळी राउटरची रीसेटची कळ दाबून धरण्याचा मोह होतो. तो टाळावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण पूर्ण रीसेट केल्याने वायफायचा पासवर्ड, इंटरनेट जोडणीचे लॉगिन आणि मूळ दोषाच्या खुणा हे सगळेच एका फटक्यात पुसले जाते, आणि दोष नॅसच्या सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये असेल तर तो तसाच शिल्लक राहतो.

सुरुवात करताना एक कागद जवळ घ्यावा. कोणत्या वेळी, कोणत्या उपकरणावर, नेमके काय बंद पडले ते लिहावे आणि त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेटवर्क सुरू झाले, तर कोणत्या बदलाने सुरू झाले हे कळत नाही, आणि तोच त्रास पुन्हा उद्भवला की पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

नेमके काय बंद पडले आहे?

नॅसवर कोणतीही फाइल कॉपी होत नसताना त्याची नेटवर्क केबल काढावी. विजेची वायर मात्र ओढू नये. डिस्कवर लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली तर माहितीला धोका असतो. केबल काढल्यावर दहा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात बाकी सगळे सुरळीत झाले, तर त्रासाचे मूळ नॅसच्या पत्त्यात, त्याच्या केबलमध्ये किंवा तो करत असलेल्या वाहतुकीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर नॅस बसवताना हलवलेल्या इतर गोष्टींकडे, म्हणजे नव्या स्विचकडे (अनेक केबली एकमेकींना जोडणाऱ्या पेटीकडे), जागा बदललेल्या राउटरकडे आणि अर्धवट बसलेल्या पिनांकडे वळावे. बाकी सगळे पहिल्यापासूनच ठीक होते आणि फक्त नॅस सापडत नव्हता, तर प्रश्न नेटवर्कचा कमी आणि फाइल शेअरिंगचा जास्त असतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

त्यानंतर लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून आधी राउटरच्या आणि मग नॅसच्या आयपी पत्त्याला (नेटवर्कवरच्या त्याच्या आकडी पत्त्याला) पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. राउटरकडून उत्तर येते पण वेबसाइट उघडत नाही, याचा अर्थ घरातली जोडणी शाबूत आहे. राउटरच उत्तर देत नसेल, तर बाहेरच्या इंटरनेट कंपनीकडे तक्रार करण्याआधी घरातच शोध घ्यायला हवा.

पत्त्यांचा गोंधळ

मी पाहिलेल्या अशा बिघाडांत सर्वाधिक वेळा हेच कारण निघाले आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर डीएचसीपी पद्धतीने एक आयपी पत्ता काही मुदतीपुरता देतो. ही मुदत अनेक राउटरांवर २४ तासांची असते. नॅस मात्र नेहमी एकाच पत्त्यावर सापडावा म्हणून लोक त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने एक कायमचा पत्ता लिहितात. हा पत्ता राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या टप्प्यातलाच असेल, तर राउटर केव्हा ना केव्हा तोच पत्ता दुसऱ्या कोणाला तरी देऊ शकतो. ही टक्कर मुदती संपतात आणि उपकरणे बंद-चालू होतात तेव्हाच घडते, आणि म्हणूनच पहिला दिवस निर्विघ्न जातो.

माझ्या घरी नॅस रोज रात्री व्यवस्थित चालायचा आणि सकाळी नाहीसा व्हायचा. चार दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर लक्षात आले, की तो नाहीसा होण्याची वेळ आणि प्रिंटर सुरू करण्याची वेळ एकच होती. नॅसची केबल काढून ठेवली आणि त्याच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१०५ ला, पिंग केले. केबल माझ्या हातात असतानाही त्या पत्त्यावरून उत्तर येत होते. ते उत्तर प्रिंटर देत होता.

हीच कसोटी कोणालाही करता येते: नॅस नेटवर्कपासून पूर्ण तोडावा आणि त्याच्या पत्त्याला पिंग करावे. उत्तर आले, तर त्या पत्त्यावर दुसरे कोणीतरी बसले आहे. ते कोण, हे राउटरच्या (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या) सेटिंगच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क पोर्टाला कारखान्यातच मिळालेल्या ओळख क्रमांकावरून, ओळखता येते. मॅक पत्त्याची पहिली सहा अक्षरे सहसा उत्पादक कंपनीची खूण असतात.

यावर चांगला उपाय म्हणजे नॅसमधील पत्ता पुन्हा आपोआप मिळण्यावर ठेवणे आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवणे. असे केल्याने पत्त्यांचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो. नॅसला दोन नेटवर्क पोर्ट असतील तर दोघांचे मॅक पत्ते वेगळे असतात, त्यामुळे केबल ज्या पोर्टात आहे त्याचाच मॅक पत्ता नोंदवावा. राउटरमध्ये ही सोय नसेल, तर वाटपाचा टप्पा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असा ठरवावा आणि नॅसला त्याच्या बाहेरचा, समजा १९२.१६८.१.२० हा पत्ता हाताने द्यावा.

याच कुळातले आणखी दोन दोष आहेत. एखाद्या उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. तेथे केबल किंवा डीएचसीपी यांतले काहीतरी तुटलेले असते. दुसरा दोष असा, की काही नॅसमध्ये स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर असतो आणि तो चुकून सुरू केला गेला, तर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात. मग काही उपकरणांना इंटरनेट मिळते आणि काहींना मिळत नाही. बंद पडलेल्या उपकरणावर डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाणारी माहिती ते ज्याच्याकडे पाठवते त्याचा पत्ता, पाहावा. तेथे राउटरऐवजी नॅसचा किंवा भलताच पत्ता दिसला, तर नॅसमधला तो सर्व्हर बंद करावा. नॅसवर जाहिराती अडवणारी डीएनएस सेवा (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी) बसवली असेल आणि राउटर सगळ्यांना तीच वापरायला सांगत असेल, तर नॅस बंद झाल्याबरोबर सगळ्या घराचे इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते, हेही ध्यानात ठेवावे.

केबल, पोर्ट आणि वेग

नॅस चालतो पण फारच हळू चालतो, अशी तक्रार असेल तर एक मोठी फाइल कॉपी करून वेगाचा आकडा वाचावा, कारण तो आकडाच बरेच काही सांगून जातो. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट मिळतात आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवर सुमारे ११. पन्नास गिगाबाइटचा फोटोंचा संग्रह पहिल्या जोडणीवर आठेक मिनिटांत जातो, तर दुसरीवर सव्वा तास लागतो. तारेने जोडलेल्या संगणकावर वेग सतत ११ च्या आसपास अडकत असेल, तर डिस्कवर संशय घेण्याआधी केबल पाहावी. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला चार पुरतात. त्यामुळे एक तार तुटली तरी जोडणी बंद पडत नाही, ती अनेकदा मुकाट्याने खालच्या वेगावर उतरते आणि कोणाला पत्ता लागत नाही. अनेक स्विचवर पोर्टाशेजारच्या दिव्याचा रंग वेग दाखवतो, आणि नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्येही तो लिहिलेला असतो. कॅट ५ई दर्जाची धड केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, तेव्हा घरासाठी याहून महाग केबलची गरज सहसा पडत नाही.

स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत अखंड लुकलुकू लागले आणि घरातले सगळेच ठप्प झाले, तर नेटवर्कमध्ये वळसा पडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली, किंवा राउटर आणि स्विच यांच्यात दोन केबली लागल्या, की संदेश गोल फिरत राहतात आणि बाकी वाहतुकीला जागा उरत नाही. नॅसची दोन्ही पोर्टे जोडून दुप्पट वेग मिळेल या आशेनेही असे गोंधळ होतात. दोन पोर्टे एकत्र बांधण्याच्या बहुतेक पद्धतींना स्विचचीही साथ लागते, आणि साध्या स्विचमध्ये ती नसते. शिवाय एका लॅपटॉपला एका कॉपीसाठी त्यातून सहसा काहीच जादा वेग मिळत नाही. घरी एकच केबल ठेवावी, हे माझे मत आहे.

मोठ्या फ्रेमचा (माहिती एका वेळी मोठ्या तुकड्यात पाठवण्याचा), म्हणजे एमटीयू ९००० चा पर्याय नॅसमध्ये कोणी चालू केला असेल तर तो १५०० वर परत आणावा. याची खूण फसवी असते: पिंग चालते, फोल्डरांची नावे दिसतात, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळे थिजते. वाटेतले प्रत्येक उपकरण तेवढी मोठी फ्रेम घेऊ शकत असेल तरच हा पर्याय उपयोगाचा आहे.

इंटरनेट हळू, नॅस मात्र ठीक

नॅस क्लाउडवर बॅकअप पाठवू लागला, की बाहेर जाणारी वाट पूर्ण भरून जाते. २० मेगाबिट अपलोडच्या जोडणीवर सेकंदाला अडीच मेगाबाइट जातात, म्हणजे ५०० गिगाबाइटचा पहिला बॅकअप अखंड चालला तरी दोन दिवसांहून अधिक काळ घेतो. त्या काळात डाउनलोडही मंदावतो, कारण उतरवलेल्या माहितीची पोच देणारे छोटे संदेश याच भरलेल्या वाटेवर रांगेत अडकतात. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला आपला आवाज तुटक जातो, तोही यामुळेच. बॅकअपच्या सेटिंगमध्ये वेगाला मर्यादा घालावी, अपलोडच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत, आणि जमल्यास वेळ रात्रीची ठेवावी. नव्या नॅसवर फोटो टाकल्यावर तो काही दिवस त्यांची छोटी चित्रे आणि सूची बनवत असतो आणि स्वतःच मंद होतो. हा नेटवर्कचा दोष नाही, तेवढा काळ जाऊ द्यावा.

वायफाय कमकुवत झाले, तर

येथे एक कारण असे आहे की ते सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. यूएसबी ३.० ची केबल आणि तिला जोडलेली डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. नॅसला जादा बॅकअपसाठी यूएसबी डिस्क लावली आणि नॅस, डिस्क आणि राउटर या तिघांना एकाच फळीवर चिकटून ठेवले, तर राउटरचे २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय दुबळे होते आणि ५ गिगाहर्ट्झचे मात्र ठणठणीत राहते. हा फरक दिसला तर राउटर एक-दोन मीटर दूर हलवावा आणि चांगले आवरण असलेली, आखूड यूएसबी केबल वापरावी. नॅसची धातूची पेटीही संकेत अडवते, म्हणून राउटर तिच्या मागे ठेवू नये.

नेटवर्क ठीक, तरी नॅस दिसत नाही

फोन पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर नॅस दिसणारच नाही, कारण ते जाळे घरच्या उपकरणांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. घरात इंटरनेट कंपनीचा राउटर आणि त्याच्यापुढे आपला स्वतःचा, असे दोन राउटर असतील, तर दोन वेगळी जाळी तयार झालेली असतात. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.३० आणि नॅसचा १९२.१६८.१.२० असा दिसला, की बहुधा हेच घडले आहे असे समजावे. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा म्हणून चालवला, की सगळे एका जाळ्यात येतात.

विंडोजच्या नेटवर्क यादीत नॅसचे नाव नसले, तरी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेषा आणि त्यापुढे नॅसचा आयपी पत्ता लिहून पाहावा. बहुतेक वेळा तो उघडतो. जुन्या नॅसच्या बाबतीत कारण एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती हे असते. ती २०१७ च्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर मुळात नसते. ती पुन्हा चालू करा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो पाळू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरले होते. त्याऐवजी नॅसचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून त्यात एसएमबी २ किंवा ३ निवडावे. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेली जुनी नोंद काढून पुन्हा लॉगिन करावे.

एवढे झाल्यावर राउटरच्या पानावर जाऊन यूपीएनपीखाली (उपकरणांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणाऱ्या सोयीखाली) नॅसने स्वतःहून काही पोर्टे, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याच्या वाटा, बाहेर उघडली आहेत का, ते पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस हेरून त्यांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. अशी उघडलेली पोर्टे बंद करावीत आणि बाहेरून नॅसपर्यंत पोहोचायचे असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित खासगी वाट, वापरावे. शेवटी सगळी उपकरणे, प्रिंटरसकट, एकदा बंद करून पुन्हा चालू करावीत, दोन दिवस नेहमीप्रमाणे वापरावीत, आणि नॅसचा पत्ता, मॅक पत्ता व केलेले बदल त्याच कागदावर लिहून तो राउटरजवळ ठेवावा.